लवचिक व्हा, पण नेमकं कुठे? विश्वासाच्या जीवनात या चुका टाळा

प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन टाइपची माणसं असतातच. एकाला उपासनेत गीताचा नंबर बदललेला पण खपत नाही आणि दुसऱ्याला काहीही चालतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकाच शर्टात असतात. गीताच्या बाबतीत एकदम कडक, पण सख्ख्या भावाशी जमिनीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद, तिथे मात्र "देव समजून घेईल". वाकायचं तिथे ताठ आणि ताठ राहायचं तिथे सैल, वाढ खुंटते ती बहुतेक वेळा इथेच.

पहाटेची प्रार्थना चुकली की सगळं सोडून देणं

पहाटे पाचला उठून वचन वाचायचं असं ठरवतो, छान चालतं, मग घरात बाळ येतं किंवा नाइट शिफ्ट लागते आणि पहाट हातची जाते. मग आधी अपराधी वाटतं, मग देवासमोर बसायलाच लाज वाटते आणि हळूहळू बायबल कपाटावर जातं. अहो पण प्रभू येशूचं स्वतःचं बघा ना, मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात तो पहाटे अंधार असताना उठून एकांतात जातो (आणि तिथेही त्याचा शिष्य शिमोन शोधत येतोच, सगळे तुला शोधतायत म्हणून!), लूकच्या सहाव्यात रात्रभर डोंगरावर प्रार्थना करतो आणि पाच हजारांना जेवू घातल्यावर संध्याकाळी एकटा डोंगरावर जातो. वेळ बदलते, भेट सुटत नाही. शब्बाथ (यहूद्यांचा विसाव्याचा दिवस) माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे सांगणाराही तोच.

उपाय सोपा आहे. वेळ सरकवा, पण सरकवून कुठे ठेवली ते ठरवा, कारण "जमेल तेव्हा करू" म्हणजे कधीच नाही. बाळाला पाजताना तेविसावं स्तोत्र म्हणा, सहाच तर वचनं आहेत. लोकलमध्ये उभं राहून ऑडिओ बायबल ऐकलं तरी चालतं.

बंद दाराचा अर्थ घाईघाईत लावणं

नोकरी हुकली, व्हिसा नाकारला, ठरत आलेलं लग्न मोडलं की आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात, एक तर सैतान अडवतोय नाहीतर तुझ्या जीवनात काहीतरी पाप आहे. दुसरं उत्तर तर लोक चहा पिता पिता समोरच्याच्या तोंडावर देतात, याचा मला फार राग येतो.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 16 वा अध्याय जरा सावकाश वाचा. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात (खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानातला रोमी प्रांत) वचन सांगायचंय, पवित्र आत्मा अडवतो. मग बिथुनियात जायचं बघतात, तिथेही जाऊ देत नाही. चालत चालत त्रोवसला, समुद्रापर्यंत येतात आणि तिथे रात्री पौलाला दृष्टांत होतो, म्हणजे समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावताना दिसतो. बरं, मासेदोनियातल्या फिलिप्पैला पोचून तरी मोठी सभा भरली का? नाही, शब्बाथाच्या दिवशी वेशीबाहेर नदीकाठी काही बायका जमलेल्या, पौल त्यांच्याशीच बोलत बसला. त्यातली लुदिया जांभळं कापड विकणारी, मूळची थुवतीराची. आणि थुवतीरा कुठे, तर त्याच आशिया प्रांतात जिथे याला जाऊ दिलं नव्हतं! पुढे 19 व्या अध्यायात हाच पौल आशियातल्या इफिसात दोन वर्षं राहून शिकवतो, म्हणजे दार कायमचं बंद नव्हतंच.

पण हेही खरं की थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना तोच पौल सैतानाने आम्हाला अडवलं असंही म्हणतो. मग ओळखायचं कसं? दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवाने आपल्याला बोलावलंय हे अनुमान "आम्ही" काढलं असं लिहिलंय. म्हणून एकट्याने खोलीत बसून अर्थ लावू नका, जी दोन-तीन माणसं तुमची हांजी हांजी करत नाहीत त्यांच्याशी बोला, आणि तोवर समोर जे काम आहे ते करत राहा.

तडजोडीला लवचिकता म्हणणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करून घेतली, पण दुसरा सहकारी तीत याची करायला साफ नकार दिला. वरवर बघितलं तर माणूस शब्द फिरवतोय असं वाटेल, पण तीमथ्याची आई यहूदी, तिथल्या यहूद्यांमध्ये काम करताना अडचण नको म्हणून ते केलं. तीताच्या वेळी मात्र लोकांचं म्हणणं वेगळं होतं, सुंता केल्याशिवाय तारण नाही, आणि तिथे पौल तसूभर हलला नाही. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र विदेश्यांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्यालाही सगळ्यांसमोर सुनावलं.

त्यामुळे निर्णय घेताना स्वतःला एकच विचारा, मी वाकतोय तो समोरच्याला जवळ आणायला की स्वतःची कातडी वाचवायला? बिलात आकडा वाढवून देणं, मुलीच्या लग्नात हुंड्याला "भेट" म्हणणं, ही लवचिकता नाही हे कळायला अभ्यास लागत नाही.

सेवेचा आराखडाच देव मानणं

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. मग 1896-97 चा दुष्काळ आला, बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आमच्या नियमात बसत नाही म्हणाल्या असत्या तर कोणी काही बोललंही नसतं. पण उत्पन्नासाठी घेतलेल्या शेतावर त्या मुलींची सोय झाली, मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि आपण? महिला मंडळाची सभा गुरुवारची शुक्रवारी करायची तर तीन मीटिंगा.

तरुणांनीही ऐकावं, गिटार आणि प्रोजेक्टर आणला म्हणजे आत्मा आला असं नसतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग टाळ-पेटीवर गाणाऱ्या आजीला "ओल्ड फॅशन" म्हणून बाजूला सारणं हा पण हट्टच. बदल करायचाच असेल तर आधी पाळकसाहेबांशी बोला, कमिटीला आयत्या वेळी धक्का देऊ नका, महिन्याला एखादं नवीन गीत घ्या आणि ते त्या आजीला आधी घरी जाऊन म्हणून दाखवा. चाल कुठे चढतेय, कुठे दम लागतोय, ते तीच पहिल्यांदा सांगेल.