लूकचा दुसरा अध्याय नाताळपर्यंत तोंडपाठ कसा करावा

नाताळच्या कार्यक्रमात संडे स्कूलची मुलं एकामागून एक पुढे येतात, आपापलं सुवर्णवचन, म्हणजे पाठ केलेलं बायबलचं वचन, म्हणतात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. बघायला गोड वाटतं. पण जानेवारीत त्याच मुलाला विचारा, त्याला फक्त पत्ता आठवतो: ‘लूक दोन, अकरा’, म्हणजे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, अकरावं वचन. घरात कोण राहतं ते विसरलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सुटी वचनं पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. ख्रिस्तजन्माची अख्खी गोष्टच, म्हणजे लूक २:१ ते २०, सलग पाठ करा. वीस वचनं ऐकून घाबरायला होतं, पण गोष्टीतलं एक वाक्य पुढच्या वाक्याला हात देऊन ओढून आणतं. सुट्या वचनांना तो आधार नसतो. शिवाय आपण ज्या भाषेत वाढलो, तिथे पाढे, श्लोक, अभंग, जात्यावरचं गाणं, सगळं तोंडातून तोंडात आलेलं आहे. जुन्या मंडळींच्या तोंडी वचनाला अजूनही ‘ओवी’ म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ साली गोव्यात रायतूर इथे छापलेलं ख्रिस्तपुराण तर खरोखरच्या ओव्यांतच आहे, लोकांनी ते ऐकावं आणि गावं म्हणून.

आधी पुस्तक ठरवा

घरात दोन-तीन बायबलं असतात. एक आजीचं, जुन्या वळणाच्या भाषेतलं; एक सोप्या मराठीतलं; एक मोबाइलमधलं. कॅथलिक घरात आणखी वेगळं भाषांतर असतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतरही काही घरांत जपलेलं असतं. यातलं कुठलंही घ्या, पण एकच घ्या आणि सगळ्यांनी तेच घ्या. आईच्या तोंडी ‘उतारशाळा’ आणि मुलाच्या तोंडी ‘धर्मशाळा’ असेल तर दोघंही एकमेकांना पाडतात. काही सुचत नसेल तर तुमच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत जे वाचतात ते घ्या. मग २५ तारखेला वाचन सुरू झालं की तुमचे ओठ आपोआप हलतील.

दिवसांचा हिशेब

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीतरी येतो. तिथून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात वचनं १ ते ७: नावनिशी (जनगणना), प्रवास, जन्म. दुसऱ्यात ८ ते १४: रानातले मेंढपाळ, देवदूत, स्वर्गीय सैन्याचं गीत. तिसऱ्यात १५ ते २०: मेंढपाळ बेथलेहेमास जातात, बघतात, परततात. सात, सात आणि सहा. रोज एक वचन, आणि तिसऱ्या आठवड्यात एक दिवस श्वास घ्यायला. चौथ्या आठवड्यात नवीन काही नाही, फक्त सलग म्हणायचं. मात्र कॅलेंडर बघून घ्या. २४ डिसेंबर रविवारी आला तर चौथा ‘आठवडा’ जेमतेम एका दिवसाचा उरतो. अशा वर्षी आठ दिवस आधी बसा. घरात आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावत असाल तर त्या रविवारची मेणबत्ती पेटली की त्या आठवड्याचा भाग सगळ्यांनी एकदा मोठ्याने वाचायचा.

रोजची दहा मिनिटं

आजचं वचन तीनदा मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको, कानाला ऐकू आलं पाहिजे. मग पुस्तक मिटा आणि म्हणा. अडलात तर लगेच उघडू नका. चार-पाच सेकंद डोकं खाजवा, मग फक्त अडलेला शब्द बघा आणि पुन्हा मिटा. पाठांतर होतं ते या खाजवण्यात. पन्नास वेळा वाचून ‘येतं’ असं वाटतं, पण ते डोळ्यांना येत असतं, तोंडाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उघडण्याआधी कालचं म्हणून पाहायचं. अर्धं गेलेलं असेल. ते तसंच असतं. परत आणलेलं वचन जास्त टिकतं. नवीन वचन जोडलं की त्या भागाच्या सुरुवातीपासून एकदा म्हणायचं.

अडखळणाऱ्यांसाठी एक युक्ती: प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी ओट्याच्या वरच्या टाइलला चिकटवा. ‘भि. न.’ एवढं दिसलं की ‘भिऊ नका’ तोंडात येतं. दोन दिवसांनी चिठ्ठी काढून टाका, नाहीतर चिठ्ठीच पाठ होईल.

कुलकुल वळताना

डिसेंबरात वेळ कुठे असतो, असं सगळे म्हणतात. माझ्या मते याच महिन्यात सगळ्यात जास्त वेळ असतो, फक्त हात गुंतलेले असतात. कुलकुल या नाताळच्या गोड फराळाचं पीठ नारळाच्या दुधात मळून झालं की सगळं घर ताटाभोवती बसतं आणि एकेक बारीक गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळत राहतं. तास-दीड तास. हात कामात, तोंड मोकळं. त्यात करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या धरा. एकाने एक वचन म्हणायचं, शेजारच्याने पुढचं. अडला तर त्याने तळणाला बसायचं. आमच्याकडे या शिक्षेमुळे काकांचं पाठांतर फार सुधारलं.

घसरायच्या जागा

हा भाग नीट वाचा, कारण सगळे इथेच पडतात.

बाळ गव्हाणीत आहे, हे लूक तीनदा सांगतो: ७, १२ आणि १६ व्या वचनात. बाळंत्यात गुंडाळल्याचा उल्लेख ७ आणि १२ अशा दोन्हींत आहे. मी चौथीत असताना कार्यक्रमात बाराव्या वचनावरून थेट सातव्यावर घसरले, ‘उतारशाळेत जागा नव्हती’ म्हणाले आणि मेंढपाळांना पुन्हा पहिल्यापासून रानात राखण करायला बसवलं. पहिल्या रांगेतल्या काकू हसल्या ते अजून आठवतं. उपाय सोपा आहे: बोलणारा लक्षात ठेवा. सातव्यात लूक सांगतो, बाराव्यात देवदूत खूण म्हणून सांगतो, सोळाव्यात मेंढपाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात.

तसंच देवाची स्तुती दोनदा येते. १३-१४ मध्ये देवदूत करतात, २० मध्ये मेंढपाळ. आधी वर, मग खाली.

दुसऱ्या आणि चौथ्या वचनात नावांची गर्दी आहे: सूरिया, क्विरीनिय, गालील, नासरेथ, यहूदीया. इथे नकाशा काढा. नासरेथ उत्तरेला, बेथलेहेम दक्षिणेला यरुशलेमजवळ. मग मूळ ग्रीकमध्ये योसेफ ‘वर’ गेला असं का? कारण बेथलेहेम डोंगरावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटरवर, आणि नासरेथ त्यापेक्षा बरंच खाली. हे एकदा कळलं की तो ‘वर’ विसरत नाही.

आणि नाटकं बघून डोक्यात बसलेल्या गोष्टी बाजूला ठेवा. या वीस वचनांत तारा नाही, मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, नाहीत, गाढव नाही, बैलही नाही. तारा आणि मागी मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत.

लहान, म्हातारे आणि दूर गेलेले

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दहावं आणि अकरावं वचन पुरे. पण आधी शब्दांचा अर्थ सांगा. शहरातल्या मुलाने गव्हाण पाहिलेलीच नसते. ‘गाईला चारा टाकतात ती’ म्हटलं की डोळे मोठे होतात. ‘बाळंतं’ विचारलं तर आजीला दाखवायला सांगा. थोड्या मोठ्या मुलांच्या हातात पुस्तक द्या आणि मोठ्यांच्या चुका काढायला सांगा. इतकं आवडीचं काम त्यांना दुसरं नाही, आणि चुका शोधता शोधता त्यांचंच पाठ होतं.

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नसली तरी अडत नाही. आजीने रोज एक वचन सावकाश म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायचं, नातवाने म्हणून परत पाठवायचं. उच्चार पहिल्या आठवड्यात हसू आणतात, तिसऱ्यात नाही.

२४ डिसेंबरची रात्र

मध्यरात्रीच्या उपासनेला निघण्याआधी घरातले दिवे मालवा, गव्हाणीजवळची एक पणती राहू द्या. सगळ्यांनी वर्तुळात बसून एकेक वचन म्हणा. पुस्तक एकाच्याच मांडीवर, तोही फक्त कुणी अडलं तर पहिला शब्द कुजबुजणार. चौदावं वचन सगळ्यांनी मिळून म्हणा, ते गीतच आहे. एकोणिसावं, मरीयेने सगळं मनात जपून ठेवल्याचं, घरातल्या सगळ्यात वडील बाईकडे द्या.

पुढे नववर्षाच्या दिवशी एकदा, ६ जानेवारीला चांदणी उतरवताना एकदा, आणि मग महिन्यातून एका रविवारी म्हणत राहा. पुढच्या वर्षी मत्तय २:१ ते १२ घ्या. बाराच वचनं आहेत, आणि मागी लोक तिथे तुमची वाट बघतायत.