युरोपीय सिनेमा सुचवायचाय? यादी पाठवू नका

"एखादा चांगला युरोपियन सिनेमा सांग ना," असं कुणी म्हटलं की बहुतेक जण 'पाहायलाच हवेत' अशा पंचवीस-तीस नावांची यादी पाठवून देतात. ती यादी फोनमध्ये पडून राहते. फार तर त्यातलं पहिलं नाव एखाद्या रात्री लावलं जातं, अर्ध्या-पाऊण तासात बंद होतं, आणि 'आपल्याला हे झेपत नाही' असं ठरवून तो माणूस कायमचा दुरावतो. यात दोष सुचवणाऱ्याचा असतो. एका वेळी एकच सिनेमा सुचवावा, आणि तो त्या माणसासाठी निवडलेला असावा.

आधी विचारा. "कुठल्या प्रकारचे सिनेमे आवडतात?" हा प्रश्न काही कामाचा नाही. त्यावर "काहीही चालतं" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, "अलीकडे पाहिलेल्यातला कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही?"

प्रसंगावरून सिनेमा ओळखा. सगळी गोम इथे आहे, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. समोरच्याने सिनेमाचं नाव सांगितलं की लगेच त्याच विषयावरचा युरोपीय सिनेमा शोधायला लागतात. विषय जुळला म्हणजे सिनेमा आवडेल, असं अजिबात नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. दोन माणसं 'फँड्री' आवडला म्हणून सांगतील, पण एकाला डुकरामागे धावता धावता राष्ट्रगीत ऐकून स्तब्ध उभं राहिलेलं कुटुंब आठवतं, तर दुसऱ्याला शेवटी थेट आपल्या अंगावर भिरकावलेला दगड. पहिल्याच्या मनात चारचौघांत झालेली मानहानी घर करून राहिली आहे. त्याला व्हित्तोरियो दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' (1948) द्या. सायकलीवाचून नोकरी नाही, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन वर चढतो, आणि मागे छतापर्यंत रचलेली तशीच गाठोडी दिसतात. एकाही संवादाशिवाय युद्धानंतरचं रोम कळतं. दगड लक्षात राहिलेल्याला फ्रांस्वा त्रुफो यांचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' (1959) द्या. तिथेही एक मुलगा शेवटी प्रेक्षकाकडे बघतो, आणि ती नजर चुकवता येत नाही. मराठी सिनेमा एकच, पण दोघांसाठी नावं वेगळी. अदलाबदल केलीत तर दोघेही "बरा होता" म्हणून विषय संपवतील.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा एका जागी थांबून सगळं पाहत राहतो. तेच कुणाला आवडलं असेल, तर क्रिस्तियान मुंजिउ यांचा रोमानियन सिनेमा 'फोर मन्थ्स, थ्री वीक्स अँड टू डेज' (2007) चालेल. त्यात जेवणाच्या टेबलावरचा एक प्रसंग कित्येक मिनिटं न कापता चालतो. सगळे गप्पा मारत असतात, आणि मधोमध बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर वेगळंच काही चालू असतं. मात्र विषय रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळातल्या बेकायदा गर्भपाताचा आहे. हे आधी सांगितल्याशिवाय हा सिनेमा कुणालाही सुचवू नका.

ज्याला घड्याळाच्या काट्यावर चालणारी गोष्ट लागते, त्याला 'रन लोला रन' (1998) सांगा, प्रश्नच नाही. साठी ओलांडलेल्या जाणकारासाठी स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (1957). मानद पदवी घ्यायला मोटारीने निघालेल्या म्हाताऱ्या डॉक्टरची गोष्ट आहे ती. बर्गमनची सुरुवात 'द सेव्हन्थ सील'पासूनच करावी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार सगळ्यांना ऐकून माहीत असतो. पाहणारा त्याच दृश्याची वाट बघत बसतो, बाकीचा सिनेमा हातून निसटतो.

आवृत्ती तपासा. आवाज मूळ भाषेतलाच, खाली सबटायटल्स. डबिंग नको, कारण आवाज बदलला की अर्धा अभिनय गेलाच. लांबीही बघून घ्या. 'सिनेमा पॅराडिसो' (1988) सुमारे 124 मिनिटांचा मिळतो आणि 173 मिनिटांचाही. लांब आवृत्तीत नायकाच्या जुन्या प्रेमाचं काय झालं ते उलगडतं, आणि छोट्या आवृत्तीत जे मनात रेंगाळतं ते तिथे विरून जातं. पहिल्यांदा 124 मिनिटांचाच पाहायला सांगा.

सोबत चार ओळी लिहा. पुरस्कारांची जंत्री नको, 'मास्टरपीस' हा शब्द तर नकोच. त्यामुळे उगाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. लांबी, भाषा, सुरुवातीची परिस्थिती आणि जिथे माणूस कंटाळण्याची शक्यता आहे ती जागा, एवढं पुरे. दार्देन बंधूंच्या 'टू डेज, वन नाइट'साठी (2014) असं लिहिता येईल:

"दीड तासाचा, बेल्जियमचा, भाषा फ्रेंच. एका बाईची नोकरी राहणार की जाणार हे सोमवारच्या मतदानावर आहे. ती राहावी तर सोळा सहकाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी हजार युरोचा बोनस सोडायला हवा. शनिवार-रविवार ती एकेकाच्या दारात जाते. तेच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू येईल. ते मुद्दाम आहे. दार उघडणाऱ्या माणसाकडे बघ."

ही शेवटची दोन वाक्यं नसतील तर विसाव्या मिनिटाला "तेच तेच चाललंय" म्हणून सिनेमा बंद होतो. ती असतील, तर तोच माणूस पुढचं दार कोण उघडतंय याची वाट बघतो. 'थोडा संथ आहे' असं मात्र लिहू नका. संथ म्हटलं की माणूस कंटाळायच्या तयारीनेच बसतो.

नंतर पुन्हा विचारा. "आवडला का?" नको, "कुठे कंटाळलास?" विचारा. दुसरा सिनेमा त्या उत्तरावरून निवडा, आणि शक्यतो दुसऱ्या देशाचा. असे तीन-चार झाले की पुण्याच्या किंवा गोव्याच्या चित्रपट महोत्सवाला सोबत घेऊन जा, मुंबईत असाल तर प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या खेळाला. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या 'स्टॉकर'चं नाव त्यानंतर काढा. तो जवळपास पावणेतीन तासांचा आहे. तो मोबाइलवर पाहू देऊ नका. मोठा पडदा मिळेपर्यंत थांबायला सांगा.