न्यूझीलंडमध्ये मोटरहोमचा रात्रमुक्काम: या चुका टाळा

नाताळच्या सुट्टीत न्यूझीलंडला जाऊन मोटरहोम भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. तळ्याकाठी गाडी लावायची, पोहे करायचे आणि तिथेच झोपायचं, असा बेत असतो. बेत चांगलाच आहे, पण गाडी कुठे आणि कशी उभी करायची याचे नियम ठरलेले आहेत. चुकलात तर शेकडो डॉलरचा दंड होतो. दंडाची नोटीस गाडीच्या मालक कंपनीकडे जाते. कंपनी तो दंड तुमच्या क्रेडिट कार्डावरून वळता करते आणि वर स्वतःचं शुल्कही लावते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'मनाई'ची पाटी नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजणं. फ्रीडम कॅम्पिंग म्हणजे सशुल्क तळाबाहेर उघड्यावर मुक्काम करणं. त्याच्या 2011 च्या कायद्यात पाटीपेक्षा जमीन कुणाची आहे याला महत्त्व आहे. नगरपालिकेची म्हणजे कौन्सिलची जमीन असेल, तर प्रमाणित 'सेल्फ-कंटेन्ड' (स्वतःचा संडास, पाणी आणि सांडपाण्याची टाकी असलेल्या) गाडीला साधारणपणे मुभा असते. पण कौन्सिल पोटनियम करून एखादा रस्ता किंवा किनारा बंद करू शकते किंवा रात्रींची मर्यादा घालू शकते. डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशनच्या (तिथे सगळे 'डॉक' म्हणतात) जमिनीवर डॉकने मनाई केलेली नसेल तर मुक्काम चालतो. 1977 च्या रिझर्व्ह्ज कायद्याखालच्या राखीव जागांचं मात्र उलट आहे. ठरवून दिलेली जागा सोडून तिथे मुक्काम करता येत नाही. मैदान, बाग, समुद्राकाठचा हिरवळीचा पट्टा यांतल्या बऱ्याच जागा अशाच राखीव असतात.

म्हणून संध्याकाळी जागा हेरण्याआधी त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावरचा फ्रीडम कॅम्पिंगचा नकाशा उघडा. कॅम्परमेटसारखं अ‍ॅप जागा शोधायला उत्तम आहे, पण परवानगीचा पुरावा म्हणून नको. क्वीन्सटाउन-लेक्स कौन्सिलचा 2021 चा पोटनियम हायकोर्टाने 2024 मध्ये रद्द ठरवला. नियम असे बदलतात, अ‍ॅपवरचा तीन वर्षांपूर्वीचा अभिप्राय मात्र तसाच राहतो.

दुसरी चूक संडासाची, आणि इथे नीट लक्ष द्या. जून 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार सेल्फ-कंटेन्ड गाडीत संडास कायमचा बसवलेला हवा, आणि पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे. डिकीत ठेवलेला उचलता संडास आता चालत नाही. जुनं निळं प्रमाणपत्र जाऊन हिरवं आलं आहे. भाड्याच्या गाड्यांसाठी निळ्याची मुदत 7 डिसेंबर 2024 लाच संपली, खासगी गाड्यांना 7 जून 2026 पर्यंत वाढ मिळाली. गाडी ताब्यात घेताना पुढच्या काचेवरचं हिरवं कार्ड बघा. नंबर तुमच्याच गाडीचा आहे ना, तारीख संपलेली नाही ना, आणि माणसं किती लिहिली आहेत?

हा शेवटचा आकडा आपल्याकडे हमखास चुकतो. आजी-आजोबा, आपण दोघं आणि दोन मुलं अशी सहा माणसं घेऊन चौघांच्या कार्डाची गाडी चालत नाही. टाक्यांचा हिशेबच माणशी असतो: तीन दिवसांसाठी माणशी 12 लिटर स्वच्छ पाणी आणि तितकीच सांडपाण्याची टाकी. सहा जणांना 72 लिटर लागतात.

सांडपाण्याचा व्हॉल्व्ह रात्री उघडा ठेवणं ही आणखी एक चूक. भांडी घासलेलं पाणी गाडीखाली थेंब थेंब गळत असतं. 'नुसतं साबणाचं पाणी आहे' म्हणून ते सोडून चालत नाही, जमिनीवर सोडलेली घाणच धरली जाते. झोपण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली वाका आणि व्हॉल्व्ह बंद आहे का ते बघा.

संडासाची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) ती भरल्याचा लाल दिवा लागायच्या आत डंप स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करा. आधी आतून झडप बंद करा, मग बाहेरचं दार उघडून कॅसेट ओढा. ती अडकली तर झडप उघडी राहिलेली असते. जोर लावलात तर झडप मोडते, म्हणून आत जाऊन ती बंद करा. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर भकाभका उसळून पायांवर उडतं. कॅसेट धुवायच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पाइप कधीही लावू नका. शेवटी थोडं पाणी आणि रसायन घालून कॅसेट परत बसवा.

'झोप येत होती म्हणून थांबलो' ही सबब खरी असेल तर कायदा ती मानतो. थकवा घालवायला रस्त्याकडेला गाडीत झोपणं फ्रीडम कॅम्पिंगमध्ये मोडत नाही. पण बाहेर खुर्च्या मांडल्यात, दोरीवर टॉवेल वाळत घातलेत, तर त्याला कुणी विश्रांती म्हणणार नाही.

माउंट कुक आणि मिलफर्ड साउंड इथे फुकट जागेच्या शोधात रात्र घालवू नका. माउंट कुकला व्हाइट हॉर्स हिल आणि मिलफर्डच्या रस्त्यावर कॅस्केड क्रीक हे डॉकचे सशुल्क तळ आहेत. हंगामात तिथे दुपारीच पोहोचलेलं बरं, कारण अंधार पडल्यावर भरलेल्या तळावरून मागे फिरणारा माणूसच घाईत पहिल्या दिसेल त्या वळणावर गाडी लावतो.