गर्दीतून चालताना या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी पुण्याच्या तुळशीबागेत शिरलेला माणूस तासाभराने बाहेर येतो तेव्हा खरेदीपेक्षा धक्क्यांनीच अधिक थकलेला असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे हा त्रास केवळ माणसांच्या संख्येमुळे होत नाही. आपण पुढच्या क्षणी काय करणार आहोत याचा अंदाज आजूबाजूच्यांना येत नाही, हे त्याचे मोठे कारण आहे. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सर्वांत जास्त धक्के अचानक थांबण्यामुळे बसतात. बांगड्यांच्या दुकानासमोर एखादा रंग नजरेत भरतो, पावले जागच्या जागी थबकतात आणि मागून येणाऱ्या बाई पिशवीसह पाठीवर आदळतात. त्यांच्या मागच्यांनाही तोच धक्का पोहोचतो. थांबायचे असेल तर आधी वेग कमी करावा, दोन-तीन पावलांत दुकानाच्या कडेला सरकावे आणि मगच थांबावे. फोन आला तरी हेच करावे. मोबाइलच्या पडद्याकडे पाहत चालणारा माणूस सरळ रेषेत चालत नाही, हे त्याच्या मागून चालताना लगेच लक्षात येते.

दुसरी चूक समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहण्याची. मग तो डावीकडे सरकतो तेव्हा आपणही त्याच बाजूला सरकतो, दोघेही ओशाळतो आणि रस्ता अडतो. त्याऐवजी आपल्याला ज्या मोकळ्या फटीतून जायचे आहे तिच्याकडे, म्हणजे समोरच्याच्या खांद्यापलीकडे पाहावे. आपली नजर आणि खांदा त्या बाजूला वळलेला दिसला की समोरचा आपोआप दुसरी बाजू घेतो. घाईने वाट काढत पुढे जाणाऱ्याचा फारसा वेळ वाचत नाही, कारण पुढच्या चौकात तोही आपल्याच शेजारी उभा असतो.

पाठीवरची सॅक गर्दीत पोटाशी घ्यावी. पाठीमागे आपली जाडी किती वाढली आहे हे आपल्याला जाणवत नाही आणि नुसते वळलो तरी कुणाला तरी ती लागते. शिवाय चेन कुणी उघडली तर तेही कळत नाही. पावसाळ्यात उघड्या छत्रीची टोके आजूबाजूच्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून बोळात शिरण्याआधी ती मिटावी. पदपथ नसेल तिथे समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने चालावे.

लहान मुलाला आपले बोट धरायला सांगणे ही प्रेमाने केलेली, पण धोक्याची चूक आहे. घामाने बोट निसटते आणि मोठ्यांना ते कळायला वेळ लागतो. मुलाचे मनगट आपण धरावे. त्याच्या उंचीवरून त्याला फक्त पिशव्या आणि कमरा दिसतात, हे लक्षात ठेवून मधूनमधून त्याला उचलून घ्यावे.

गणेशोत्सवातली गर्दी मात्र वेगळी असते. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की आपल्या मनाप्रमाणे चालणे संपते आणि गर्दी लाटेसारखी ढकलू लागते. अशा वेळी लाटेविरुद्ध रेटा देऊ नये. हात छातीसमोर दुमडून श्वासापुरती जागा राखावी, कारण चेंगराचेंगरीत अनेकदा जीव जातो तो छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने. चप्पल निसटली तरी वाकू नये. दोन लाटांमध्ये क्षणभर दाब सैल होतो, तेवढ्यात तिरके सरकत कडेच्या बोळाकडे जावे. खरे तर एवढी दाटी होण्याआधी, हात मोकळे हलेनासे होताच, बाहेर पडणे सर्वांत चांगले.

शेवटची चूक मी स्वतः केली आहे. विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकाजवळ आईचा हात सुटला. फोन लागत नव्हता आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे ठरलेलेच नव्हते. पाऊण तासाने ती एका दुकानाच्या पायरीवर बसलेली सापडली. आता घरातून निघण्याआधीच आम्ही जागा ठरवतो. एरवी मंडईतला लोकमान्य टिळकांचा पुतळा सर्वांना ठाऊक असल्याने सोयीचा आहे, पण विसर्जन मिरवणुकीला सुरुवात तिथूनच होते, म्हणून त्या दिवशी आम्ही शनिवारवाड्यासमोरचे पटांगण ठरवतो आणि आईच्या पर्समध्ये माझा नंबर कागदावर लिहून ठेवतो.