भाड्याने दिलेला टायमिंग लॉकिंग संच पूर्ण परत मिळण्यासाठी

इंजिनातील टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट हे दोन दांडे एकमेकांशी जुळवून फिरवणारा पट्टा) बदलताना ते दोन्ही दांडे जागेवर धरून ठेवणारा लॉकिंग संच क्वचितच लागतो, म्हणून गाडीची कामे स्वतः करणाऱ्या मंडळींमध्ये तो भाड्याने फिरतो. परंतु त्यातील बोटाएवढी एक पिन हरवली, तरी त्या इंजिनापुरता सगळा संच निरुपयोगी ठरतो.

१. पेटीच्या तळाशी लाल आणि त्यावर काळा जाड फोम बसवावा. प्रत्येक अवजार काळ्या फोमवर ठेवून त्याच्या कडेने आखावे आणि तेवढाच भाग कटरने कापून काढावा, म्हणजे एखादा नग नसेल तेथे लाल रंग चटकन दिसतो आणि यादी घेऊन मोजत बसावे लागत नाही.

२. देताना आणि परत घेताना उघड्या पेटीचा फोटो दोघांसमक्ष काढून एकमेकांना पाठवावा.

३. अनामत रक्कम नव्या संचाच्या किमतीएवढी घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे ती मागणे अवघड वाटते, पण सुट्या पिना बहुधा वेगळ्या मिळत नाहीत.

इतर अवजारेही भाड्याने देत असाल, तर क्लिक होणारा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराएवढाच नट आवळण्याचा पाना) परत घेताना तो मोजपट्टीवरील सर्वांत कमी आकड्यावर आणलेला आहे ना, हेही पाहावे. स्प्रिंग दीर्घकाळ दाबलेली राहिल्यास माप चुकू लागते.

सस्पेन्शनची स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर मात्र अननुभवी माणसाला कधीही भाड्याने देऊ नये, कारण दाबलेली स्प्रिंग निसटल्यास जीवघेणी इजा होऊ शकते.