हौशी ॲनिमेशन मालिकेचं भागवार परीक्षण कसं लिहावं

हौशी ॲक्शन ॲनिमेशनवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू, असं अलीकडे बरीच मुलंमुली विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ॲलन बेकरच्या 'ॲनिमेटर व्हर्सेस ॲनिमेशन'चा पहिला भाग लावा, संपला की बंद करा आणि तेवढ्याच भागावर लिहून काढा. ते झाल्याशिवाय दुसरा भाग बघायचा नाही. यावर चेहरे पडतात, कारण बहुतेकांनी ती मालिका आधीच बघून संपवलेली असते, तीही एका रात्रीत. हरकत नाही. अशांनी निदान लिहिताना तरी पुढचं काही माहीत नसल्यासारखं वागावं. भागवार परीक्षणाची खरी मेख तिथेच आहे.

पहिला भाग २००६ सालचा, न्यूग्राउंड्स या हौशी ॲनिमेशनच्या वेबसाइटवर आलेला. बेकर तेव्हा अमेरिकेतल्या ओहायोमधला शाळकरी मुलगा होता. फ्लॅश या ॲनिमेशन करायच्या प्रोग्रॅमच्या कोऱ्या पानावर काड्यांचा एक माणूस काढला जातो, त्याला 'व्हिक्टिम', म्हणजे बळी, असं नाव चिकटवलं जातं आणि माऊसचा बाण त्याचा छळ मांडतो. माणूस उलटतो. ज्या टूल्सनी त्याला काढलं, तीच तो बाणाविरुद्ध वापरायला लागतो. शेवटी ॲनिमेटर वैतागून प्रोग्रॅमच बंद करतो, आणि बदल सेव्ह करायचे का या प्रश्नाला 'नो' म्हणतो. संपलं.

आता गंमत अशी, की बऱ्याच वर्षांनी हा व्हिक्टिम मालिकेत परत आला आणि त्याच्याभोवती मोठं कथानक उभं राहिलं. त्यामुळे आज कुणी पहिल्या भागावर लिहायला बसलं की 'इथेच सूडाची बीजं पेरलेली आहेत' हे वाक्य हमखास येतं. त्या भागात बीजंबिजं काही दिसत नाहीत. दिसतो एक निर्दय, नेमका विनोद. 'नो'वर क्लिक झाल्यावर आपण हसतो आणि लगेच जरा ओशाळतो, हा त्या भागाचा खरा परिणाम. पुढचं कथानक आणून ओतलंत की तोच हरवतो. पुढच्या भागांचा उजेड मागच्या भागांवर जरूर पाडा, पण मालिका संपल्यावर, वेगळ्या लेखात.

दुसरी गोष्ट जागेची. ॲक्शनवर लिहिणारे नवखे लोक वेगावर बोलतात, 'भन्नाट', 'तुफान' म्हणतात आणि थांबतात. मारामारी समजते ती जागेमुळे. कोण कुठे उभा आहे, धोका कुठून येणार, पळायला वाट कुठे आहे, हे प्रेक्षकाला कळत असेल तरच फटका लागतो. बेकरचा पहिला भाग पुन्हा बघा. पडदा म्हणजे फ्लॅशची खिडकी. डावीकडे टूल्सची उभी पट्टी, वर टाइमलाइन, मधे पांढरं पान. ज्यांनी फ्लॅश वापरलं होतं त्यांना हे घर पाठ होतं, न वापरलेल्यालाही अर्ध्या मिनिटात कळतं. माणूस डावीकडे धावला की तो हत्यारांकडे निघालाय हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि शत्रू कोण, तर बाण. त्याला ना चेहरा ना हातपाय, तरी तो कधी चिडलाय आणि कधी बिचकलाय हे नुसत्या हलण्यावरून कळतं. एका जागी थांबून किंचित मागे सरकलेला माऊसचा बाण मला बऱ्याच महागड्या खलनायकांपेक्षा जास्त बोलका वाटतो. परीक्षणात हे लिहा. 'ॲनिमेशन स्मूद आहे' हे कुणीही लिहील.

२००७ चा दुसरा भाग बघितलात की फरक लगेच ध्यानात येतो. नवा काडीमाणूस फ्लॅशच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि लढाई सगळ्या डेस्कटॉपवर पसरते. आयकॉन्स हत्यारं होतात, फायरफॉक्सचा कोल्हा चिन्हातून सुटून अंगावर येतो. कल्पना मोठी झाली, पण पहिल्या भागातली ती घट्ट चौकट गेली. हे चांगलं की वाईट, यावर तुमचं मत हवं, आणि ते त्या भागातला प्रसंग दाखवून हवं. माझं मत विचाराल तर चौकट मोडल्याचा आनंद खरा आहे, पण अधूनमधून डोळा भिरभिरतो.

बघायची पद्धत सांगते. पहिल्यांदा हातात पेन न घेता बघा, हसायचं तर हसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आवाज गेला की लंगड्या हालचाली उघड्या पडतात, कारण हौशी कामात 'धाड' आणि 'सप्प' असे आवाज पुष्कळ झाकून नेतात. मग एकच झटापट निवडा, आणि ती फ्रेम-फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र करत बघा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. एवढी साधी सोय, पण ॲनिमेशनवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांनाही माहीत नसते.

फ्रेममध्ये बघायचं काय? समजा एक ठोसा आहे. आधी शरीर मागे जातं, याला अँटिसिपेशन म्हणतात. मग हात पुढे जातो. नवखा ॲनिमेटर हा प्रवास नीट, समान अंतराच्या पाच-सहा चित्रांत काढतो आणि ठोसा पाण्याखाली मारल्यासारखा दिसतो. जाणकार मागे जायला वेळ देतो, प्रवास एखाद्या फ्रेममध्ये उरकतो आणि लागल्यावर दोन-तीन फ्रेम सगळं गोठवतो. वजन त्या गोठण्यातून येतं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, तेवढ्यात सगळा खेळ. जुन्या फ्लॅशमध्ये तर नवी फाइल उघडली की १२ फ्रेमचाच वेग लागलेला असे आणि पुष्कळ हौशी लोक तो बदलतही नसत. तेव्हा जुन्या कामाला 'झटके खातं' म्हणण्याआधी त्याचा वेग काय होता ते बघा.

काडीमाणसांच्या बाबतीत 'यात काय चित्रकला आहे' असा शेरा तुम्हाला घरातूनच ऐकू येईल. त्याला चीनमधल्या झू झिचियांगची हकीकत हे चांगलं उत्तर आहे. त्याच्या 'शाओ शाओ' या काडीमाणसांच्या मारामाऱ्या २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत जगभर फिरल्या. पुढे नायकीच्या जाहिरातीत तसाच काळा काडीमाणूस दिसला म्हणून त्याने बीजिंगमध्ये दावा लावला. २००४ मध्ये तो जिंकला, २००६ मध्ये वरच्या न्यायालयात निकाल फिरला. अशी साधी काड्यांची आकृती सगळ्यांच्याच मालकीची, असा वरच्या न्यायालयाचा एकंदर सूर होता. निकाल पटो न पटो, परीक्षण लिहिणाऱ्याला त्यातून एक गोष्ट उचलता येते. आकृती जर कुणाचीच नसेल, तर निर्मात्याचं स्वतःचं उरतं ते फक्त हलणं. पाठीच्या एका रेषेचा बाक, डोक्याच्या गोळ्याचा कल, पाय रोवण्याआधीची घसट. तिथेच नजर ठेवा.

हे मराठीत लिहायचं कसं, ही अडचण खरी आहे. 'त्याने किक मारली, मग पंच मारला, मग डॉज केलं' असं लिहिलं की वाचक तिसऱ्या ओळीत पळतो. मला उपयोग झाला तो कुस्तीच्या समालोचनाचा. पैलवानाने पवित्रा बदलला, पट काढला, समोरच्याने कब्जा घेतला, हा निसटला. त्यात कुणी काय केलं आणि त्यामुळे काय झालं, हे एका दमात कळतं. तुम्ही धोबीपछाड प्रत्येक परिच्छेदात घालावा असं नाही, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मैदानांची जुनी वर्णनं वाचा किंवा ऐका. क्रियापदांची आपल्याकडे टंचाई नाही.

आता वेगळ्या जातीचं उदाहरण. 'सुपर मारिओ ब्रदर्स झी' ही मार्क हेन्सची मालिका २००६ मध्ये सुरू झाली. मारिओ आणि सॉनिकच्या जगांतली पात्रं एकत्र आणून त्यांच्यात ड्रॅगन बॉल झी या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या धाटणीच्या लढाया. ही स्प्राइट ॲनिमेशन, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेममधली तयार चित्रं उचलून हलवलेली. इथे नवखा परीक्षक दोन्हीकडून फसतो. एक तर मारिओ किती गोड काढलाय म्हणून निर्मात्याला शाबासकी देतो, जी कंपनीच्या चित्रकारांची आहे. नाहीतर 'सगळं चोरलेलं' म्हणून हात झटकतो. या मालिकेत परीक्षणाचा विषय आहे रचना. गेममध्ये मारिओच्या उडीची मोजकीच चित्रं असतात. त्या मोजक्या चित्रांतून, कॅमेरा हलवून, पार्श्वभूमी पळवून, मधे धूळ नि ठिणग्या घालून हवेतली लांब झटापट कशी उभी केली, हे उलगडून दाखवा. मला तर अशा टंचाईतली हुशारी बघायला सगळ्यात जास्त मजा येते.

ही मालिका आठव्या भागानंतर अडली आणि २०१२ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं. २०१६ मध्ये ती नव्याने पहिल्यापासून सुरू झाली, तर मारिओची मालक कंपनी निन्टेन्डो हिच्या हरकतीमुळे पेट्रिऑनवरचा वर्गणीचा रस्ता बंद झाला. हौशी मालिकांवर लिहायचं तर हे गृहीत धरा. बेकरच्याही तिसऱ्या भागाला २०११ उजाडलं, चौथ्याला २०१४, आणि तो चौथा किकस्टार्टरवर लोकांनी दिलेल्या पैशांतून झाला. म्हणजे पहिल्या भागातला शाळकरी मुलगा आणि चौथ्या भागातला, लोकांच्या पैशाला जबाबदार असलेला ॲनिमेटर यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. पहिल्यात खपून जाणारी ढिलाई चौथ्यात मी खपवून घेत नाही. उशिरावरून मात्र बोलू नये. कुणाला नोकरी लागते, कुणाची परीक्षा असते.

गुण देऊ नका, हा माझा हट्ट आहे. न्यूग्राउंड्सवर प्रेक्षक शून्य ते पाच मतं देत आणि फार कमी पडली तर ते काम तिथून उडायचंच. त्या साइटच्या मालकांना हजारो फाइल्समधून निवड करायची होती, तुम्हाला नाही. पाचपैकी साडेतीन लिहिलं की वाचक वरचा मजकूर सोडून आकडा बघतो, आणि पुढच्या भागाला तीन द्यायचे की चार या हिशेबात तुम्हीही अडकता.

निर्माता तुमचं परीक्षण वाचणार आहे हे लक्षात असू द्या. मोठ्या चित्रपटाचा दिग्दर्शक तुमचा मजकूर बहुधा वाचणार नाही, हौशी ॲनिमेटर मात्र त्याच रात्री वाचतो, आणि तो सोळा वर्षांचाही असू शकतो. म्हणून खोटं गोड लिहा असं नाही. 'शेवटची लढाई फसली' यापेक्षा 'शेवटच्या लढाईत दोघे कुठे उभे आहेत ते शेवटचा अर्धा मिनिट कळत नाही' असं लिहिलं तर ते त्याच्या कामाचं असतं आणि वाचकाच्याही. शेरा पात्रावर, फ्रेमवर, कटवर असावा. त्याच्या वयावर, देशावर, कौशल्यावर नको.

थोडं कोरडं पण जरुरीचं. कुठली प्रत बघितली ते लेखात नोंदवा. फ्लॅशची कामं ब्राउझरमध्ये दाखवणारा फ्लॅश प्लेअर ॲडोबी कंपनीने २०२० अखेर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात मजकूर चालणंच थांबलं. आता जुन्या फाइल्स रफल नावाच्या इम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, दिसतात, किंवा यूट्यूबवरच्या व्हिडिओत. व्हिडिओत रूपांतर करताना कधी फ्रेम गळतात, कधी दुप्पट होतात, कडा पुसट होतात. ज्या झटक्याबद्दल तुम्ही ॲनिमेटरला बोल लावताय तो रूपांतराचा असू शकतो. शक्य तर दोन्ही प्रती ताडून बघा.

यातून पैसे मिळतात का? परीक्षणातून जवळजवळ नाहीच. पण फ्रेम-फ्रेम बघायची सवय विकली जाते. मला एका लहान स्टुडिओत स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचे कच्चे चित्र-आराखडे, तपासायचं काम मिळालं ते अशाच लेखांमुळे. तिथेही तेच करावं लागतं: पात्र डावीकडून गेलं तर पुढच्या कटमध्ये उजवीकडून का आलं, फटका बसण्याआधी हात दिसला का. हौशी वर्तुळातून मोठ्या कामापर्यंत गेलेल्यांत मॉन्टी ओमचं नाव घ्यावंच लागेल. २००७ मध्ये 'हेलॉइड' आणि 'डेड फॅन्टसी' या स्वतःच्या हौसेने केलेल्या लढायांमुळे तो गाजला आणि २०१३ मध्ये रूस्टर टीथ या कंपनीकडून त्याची 'रूबी' मालिका आली. २०१५ मध्ये तो गेला. त्याच्या लढायांवर भागवार लिहिणं हा पुढचा टप्पा ठेवा, कारण तिथे कॅमेराच पात्राइतका पळतो आणि जागेचा हिशेब ठेवताना घाम फुटतो.

सुरुवातीला मात्र छोटीच मालिका घ्या. आणि ती मधेच थांबली, तर शेवटच्या उपलब्ध भागाचं परीक्षणही इतर भागांसारखंच लिहा. 'पुढचा भाग येईल तेव्हा बघू' असं म्हणून अर्धवट सोडू नका, वाट बघण्यात वर्षं जातात. त्या भागात जे आहे तेवढंच तोला, खाली तारीख घाला आणि दुसरी मालिका उचला.