मायक्रोपायथन शिकताय? आधी कोड कुठे चाललाय ते ओळखा

डिप्लोमाच्या मुलांना प्रोजेक्टमध्ये मदत करताना एक तक्रार हमखास कानावर येते: "सर, कोड बदलला, पण बोर्ड जुनंच करतोय." कोडमध्ये चूक क्वचितच असते. कोडच्या दोन प्रती असतात, एक लॅपटॉपवर आणि एक बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत. मुलं एक बदलतात आणि चालते दुसरी.

डेमियन जॉर्ज यांचं मायक्रोपायथन, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या बोर्डांवर चालणारं पायथन, २०१३ च्या किकस्टार्टर मोहिमेतून पुढे आलं. त्यात बोर्डावर स्वतःची छोटी फाइल सिस्टिम असते. वीज मिळाली की आधी बूट डॉट पाय ही फाइल चालते, मग मेन डॉट पाय. एवढं डोक्यात बसलं की साधनं आपोआप कळतात.

सुरुवात थॉनीने करा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला हा एडिटर नवख्यांसाठीच आहे. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर मायक्रोपायथन चढवायचं तर त्यावरचं बूटसेल बटण दाबून धरत केबल लावायची. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो, थॉनी पुढचं करतो. बोर्ड दिसलाच नाही तर आधी केबल बदला. बुधवार पेठेत स्वस्तात मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात.

फाइल लॅपटॉपवर सेव्ह असताना थॉनीचं हिरवं बटण दाबलं, तर कोड बोर्डाच्या रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, जाऊन चालतो. फ्लॅशमध्ये काहीच उतरत नाही. म्हणून टेबलावर सगळं झकास चालतं आणि पॉवर बँकेला लावल्यावर बोर्ड ढिम्म. कायमचं हवं असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये बोर्ड निवडून मेन डॉट पाय हेच नाव द्या.

थॉनीवर हात बसला की एमपीरिमोटकडे वळा. मायक्रोपायथनचं हे अधिकृत कमांड-लाइन साधन पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने, येतं. जुन्या लेखांत ॲम्पी आणि आरशेल ही याच कामाची आधीची साधनं भेटतील. आज नव्याने शिकणाऱ्याने त्यांच्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एमपीरिमोटला 'रन' दिलं तर फाइल रॅममध्ये चालते, 'सीपी' दिलं तर फ्लॅशमध्ये उतरते. सीपीमध्ये ज्या पत्त्याआधी कोलन, तो बोर्डावरचा. ही कमांड चालता प्रोग्राम थांबवते, त्यामुळे कॉपी झाल्यावर बोर्ड गप्प बसतो. शेवटी 'रीसेट' द्या.

मला सगळ्यात आवडते ती 'माउंट'. लॅपटॉपवरचं फोल्डर बोर्डाला आपलंच वाटायला लागतं, आणि इम्पोर्ट केलेली फाइल केबलमधून थेट वाचली जाते. एडिटरमध्ये बदल करा, कंट्रोल-डीने सॉफ्ट रीसेट द्या, पुन्हा इम्पोर्ट करा. फ्लॅशला हात लागत नाही, दोन प्रतींचा घोळही उरत नाही. मोठ्या फाइलींना वेळ लागतो, पण रोजच्या कामाला हे पुरतं.

सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असतो. थॉनी उघडा ठेवून एमपीरिमोट चालवला की पोर्ट व्यस्त असल्याची एरर येते, आणि मुलं उगाच ड्रायव्हर बदलत बसतात. लिनक्सवर परवानगीची एरर आली तर बहुधा तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या ग्रुपमध्ये, नसतो. उबुंटूवर तर हे नेहमीचंच. त्याला ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या.

बोर्ड अनंत लूपमध्ये फिरत असेल तर कंट्रोल-सी. पण बॅटरीवरच्या प्रोजेक्टात मेन डॉट पाय सुरू होताच बोर्डाला डीप स्लीपमध्ये, म्हणजे वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत, नेत असेल, तर कंट्रोल-सी पोचायच्या आत बोर्ड झोपलेला असतो. म्हणून त्या फाइलच्या सुरुवातीला तीन सेकंद नुसतं थांबणारा साधा स्लीप ठेवा. तो नसेल तर अखेरचा उपाय म्हणजे फ्लॅश पुसून फर्मवेअर, म्हणजे मायक्रोपायथन, पुन्हा चढवणं: ईएसपी३२ चिपचा बोर्ड असेल तर ईएसपीटूल या प्रोग्रामने, पिको असेल तर बूटसेलमधून. बोर्डावरच्या फाइली त्यात जातात, तेव्हा मूळ प्रत लॅपटॉपवरच असू द्या.